आत्मसन्मान मोजता येतो का?

गेल्या वर्षी एका शाळेतल्या आठवीच्या वर्गशिक्षिका कागदांचा एक गठ्ठा घेऊन आमच्याकडे आल्या. गठ्ठा घटक चाचणीचा नव्हता. एका प्रशिक्षणात त्यांना दहा विधानांची एक प्रश्नावली मिळाली होती आणि ती त्यांनी वर्गातल्या ४६ मुलांकडून भरून घेतली होती. विषय होता 'विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान'. बाईंनी बेरजा केल्या आणि सर्वांत कमी गुण असलेली आठ मुले निवडली. मग सहा आठवडे रोज प्रार्थनेनंतर या मुलांना एका ओळीत उभे करून 'मी हुशार आहे, मी काहीही करू शकतो' अशी वाक्ये म्हणायला लावली. नंतर पुन्हा तीच प्रश्नावली. आठांपैकी सहा जणांचे गुण वाढले. मुख्याध्यापक खूश झाले. पुढच्या वर्षापासून हा आकडा प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात लिहावा आणि पालकसभेत सांगावा, असा त्यांचा बेत होता.

बाईंच्या मनात मात्र एक वाक्य अडकून बसले होते. त्या आठांतली एक मुलगी त्यांना म्हणाली होती, "बाई, मी हुशार आहे असं म्हटलं की मला गणिताचा पेपरच आठवतो."

आम्ही मानसशास्त्रज्ञ नाही. आमचा धंदा प्रयोगशाळेत मोजमापे करण्याचा. पण एखादा आकडा मुलाच्या नावापुढे कायमचा लिहिला जाणार असेल, तर तो कशाचा आकडा आहे आणि त्यात चूक किती आहे, हे विचारायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून आम्ही या विषयावरचे मूळ संशोधन वाचायला घेतले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

शब्दांचा घोळ

आधी शब्द. मराठीत आपल्याजवळ स्वाभिमान, आत्मविश्वास, आत्मसन्मान, अहंकार, न्यूनगंड असे बरेच शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्यांच्यात फरक आहे. स्वाभिमान हा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या संदर्भात दिसतो. स्वाभिमानी माणूस कोणापुढे लाचारीने हात पसरत नाही. आत्मविश्वास एखाद्या कामाबद्दल असतो. मला पोहता येईल, मला हे गणित सुटेल. आत्मसन्मान म्हणजे माणूस म्हणून आपण स्वतःची केलेली एकंदर किंमत. उत्तम पोहणाऱ्याला स्वतःबद्दल काडीचाही आदर नसेल असे होऊ शकते, आणि पाण्यात पाय न घालणाराही स्वतःशी सुखाने नांदत असेल.

या कल्पनेची पहिली नीट मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली केली, आणि तीही अपूर्णांकाच्या रूपात. अंशस्थानी आपले यश, छेदस्थानी आपल्या अपेक्षा. भागाकार म्हणजे आत्मसन्मान. म्हणजे तो वाढवायचे दोन मार्ग झाले: यश वाढवा किंवा अपेक्षा कमी करा. जेम्स यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. मानसशास्त्रात कोणी आपल्यापेक्षा जास्त जाणकार निघाला तर त्यांना टोचत असे. ग्रीक भाषेच्या अज्ञानाचे मात्र त्यांना काहीच वाटत नसे, कारण तिथे त्यांनी काही पणाला लावलेलेच नव्हते. वर्गात हे रोज दिसते. कबड्डीत पहिल्या चढाईतच बाद होणारा मुलगा हसत बाहेर येतो आणि निबंधातला एक गुण गेला म्हणून तोच रडतो.

दहा विधाने

बाईंच्या हाती आलेली प्रश्नावली ज्या मूळ प्रश्नावलीवरून बेतली होती, ती समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या वरच्या वर्गांतील ५०२४ मुलामुलींचा त्यांनी अभ्यास केला होता. दहा विधाने, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत चार पर्याय. पाच विधाने स्वतःबद्दल चांगले बोलणारी, पाच वाईट बोलणारी. वाईट विधानांचे गुण उलटे मोजायचे. प्रत्येकाला १ ते ४ गुण दिले तर बेरीज १० ते ४० येते. आत्मसन्मान मोजण्यासाठी जगात आजही सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन हेच आहे. रोझेनबर्ग यांना अभिप्रेत असलेला चांगला आत्मसन्मान म्हणजे 'मी इतरांपेक्षा श्रेष्ठ' ही भावना नव्हे, तर 'मी पुरेसा बरा आहे' ही भावना, हे मात्र बहुतेक जण विसरतात.

विधाने उलटसुलट का ठेवली? काही माणसे काहीही विचारले तरी 'हो' म्हणतात. सगळी विधाने एकाच दिशेची असती तर अशा होयबांचा आत्मसन्मान गगनाला भिडला असता. उलटसुलट विधानांमुळे 'हो' आणि 'हो' एकमेकांना खोडतात. जो मुलगा न वाचता दहाही ठिकाणी पहिल्याच चौकटीत खूण करतो, त्याची बेरीज होते पाच चोक वीस अधिक पाच, म्हणजे बरोबर २५. बाईंच्या गठ्ठ्यात २५ गुणांचे पाच कागद होते. त्यांतले तीन असे सरळ रेषेत खुणा केलेले निघाले. या तिघांच्या मनात काय होते ते आपल्याला कळलेले नाही, एवढेच त्या २५ चा अर्थ.

भाषेचा पेच याहून मोठा. समजा विधान असे आहे: 'माझा कोणाला काही उपयोग होत नाही.' याच्याशी असहमत व्हायचे म्हणजे 'नाही' ला 'नाही' म्हणायचे. मोठ्यांनाही इथे क्षणभर थांबावे लागते. आठवीतल्या, घरी दुसरी बोली बोलणाऱ्या मुलाची काय कथा! शिवाय ज्या घरात स्वतःची स्तुती करणे हा दोष मानतात, त्या घरचे मूल 'मी चांगला आहे' या विधानापुढे 'पूर्ण सहमत' वर खूण करायला बिचकते. त्याचा आत्मसन्मान कमी नसतो, फक्त संकोच जास्त असतो. रोझेनबर्ग यांची प्रश्नावली २८ भाषांत आणि ५३ देशांत वापरून केलेला एक मोठा अभ्यास श्मिट आणि आलिक यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. सर्व देशांची सरासरी मध्यबिंदूच्या वर होती. सर्वांत खाली जपान होता. यावरून जपानी माणसे स्वतःला कमी लेखतात असे म्हणायचे, की ती कागदावर स्वतःची बढाई मारत नाहीत असे म्हणायचे, यावर अजून वाद आहे. याच अभ्यासात दहांतले एक विधान अनेक देशांत बाकी नऊंशी नीट जुळले नाही. स्वतःबद्दलचा आदर आणखी वाढायला हवा असे वाटते का, अशा अर्थाचे ते विधान. विचार करा: असे ज्याला वाटते, तो स्वतःला कमी लेखतो की स्वतःकडून जास्त अपेक्षा करतो?

तिसरी गोष्ट वेळेची. परीक्षेचे पेपर परत मिळाल्यावर भरलेली प्रश्नावली आणि सहलीहून आल्यावर भरलेली प्रश्नावली सारखी कशी असेल? माणसाचा आत्मसन्मान एका पातळीभोवती वरखाली होत असतो. हेदरटन आणि पोलिव्ही यांनी १९९१ साली या क्षणिक चढउतारासाठी वेगळी प्रश्नावलीच तयार केली. बाईंना आम्ही विचारले, पहिल्यांदा कधी भरून घेतलीत? त्यांनी आठवून सांगितले, चाचणीचे पेपर वाटले त्याच आठवड्यात.

सहा जणांचे गुण का वाढले?

आता मुख्य प्रश्न. आठांपैकी सहा मुलांचे गुण वाढले ते वाक्ये म्हटल्यामुळे का?

हा प्रयोग वर्गात करून पाहा. ४६ मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा आणि बेरीज लिहून घ्या. दोन फाशांची सरासरी बेरीज ७. बेरीज ४ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, म्हणजे ४६ मुलांत साधारण आठ जण. या आठांना बाजूला काढा, त्यांना फासे चांगले टाकण्याबद्दल पाच मिनिटे व्याख्यान द्या आणि पुन्हा टाकायला सांगा. आठांपैकी सहा-सात जणांची बेरीज वाढेल आणि त्यांची सरासरी ७ च्या आसपास जाईल. व्याख्यान गुणकारी ठरले!

यालाच संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणे म्हणतात. सर्वांत खालच्या मुलांच्या गुणांत त्यांची खरी पातळी असते, तसा त्या दिवशीचा वाईट योगही असतो. दुसऱ्या वेळी खरी पातळी तशीच राहते, पण वाईट योग पुन्हा तसाच येईल असे नाही. फाशांमध्ये सगळाच योग असतो. प्रश्नावलीत बराच कमी. समजा वर्गाची सरासरी २८ आहे आणि प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८ आहे, जी चांगलीच म्हणायची. एका मुलाला १८ गुण पडले, म्हणजे सरासरीपेक्षा १० कमी. पुढच्या वेळी तो सरासरीपेक्षा १० नव्हे तर ८ ने खाली असेल अशी अपेक्षा. म्हणजे काहीही न करता १८ चे २० झाले. हे टाळायचे तर सारख्याच गुणांची मुले चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटावी लागतात, एका गटाला उपाय आणि दुसऱ्याला काही नाही. बाईंच्या प्रयोगात दुसरा गट नव्हता. उपाय निरुपयोगी होता असे यातून सिद्ध होत नाही. उपयोगी होता असेही होत नाही.

त्याच आकड्यांवरून आणखी एक हिशेब. गुणांचे प्रमाण विचलन ५ धरले, तर एका मुलाच्या गुणांतली चूक सुमारे २.२ येते. म्हणजे २६ गुणांची मुलगी आणि २९ गुणांची मुलगी यांच्यात फरक आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. असा आकडा शेकडो मुलांच्या गटाची तुलना करायला चालतो. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहायला चालत नाही.

प्रश्नावलीऐवजी आडवळणाने मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. माणसाला आपल्या नावातली अक्षरे इतर अक्षरांपेक्षा जास्त आवडतात, असे बेल्जियममधल्या नुटिन यांनी १९८५ साली दाखवले. वर्गात करून पाहायला गमतीचा प्रयोग आहे. पण अशा आडवळणाच्या मापांचे एकमेकांशीच फारसे जुळत नाही, हे २००० सालापर्यंत स्पष्ट झाले. ते तेवढ्यावरच सोडू.

एका राज्याने केलेला खटाटोप

आत्मसन्मान वाढवला की बाकी सगळे सुधारेल, ही समजूत एके काळी सरकारी धोरण झाली होती. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतले सदस्य जॉन व्हास्कॉन्सेलोस यांच्या पुढाकाराने १९८६ साली तिथे एक कृतिदल नेमले गेले. तीन वर्षांसाठी ७,३५,००० डॉलर मंजूर झाले. व्यसने, गुन्हे, शाळेतली गळती, किशोरवयातली गर्भारपणे या सगळ्यांवर आत्मसन्मान ही एक प्रकारची लस ठरेल, अशी कल्पना होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी उपलब्ध पुरावा तपासून १९८९ साली एक ग्रंथ काढला. त्याच्या प्रस्तावनेत समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांना कबूल करावे लागले की आत्मसन्मान आणि या समस्या यांच्यातले संबंध निराशाजनक इतके क्षीण आहेत. तरीही १९९० साली कृतिदलाचा उत्साही अहवाल निघाला आणि शाळाशाळांतून आरशासमोर उभे राहून स्वतःचे कौतुक करण्याचे कार्यक्रम पसरले. ग्रंथ कमी लोकांनी वाचला, अहवाल पुष्कळांनी.

शाळेतल्या गुणांपुरते बोलायचे तर हॅन्सफर्ड आणि हॅटी यांनी १९८२ साली १२८ अभ्यासांचा आढावा घेतला होता. स्वतःबद्दलचे मत आणि अभ्यासातली प्रगती यांचा सरासरी सहसंबंध ०.२१ ते ०.२६ एवढा भरला. त्याचा वर्ग केला की गुणांतल्या फरकांपैकी ४ ते ७ टक्के फरक आत्मसन्मानाशी जोडता येतो. तोही संबंध कारणाचा की परिणामाचा? २००३ साली रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी पुराव्याची कसून छाननी केली. निष्कर्ष असा की चांगला आत्मसन्मान हा बऱ्याच अंशी चांगल्या गुणांचा परिणाम आहे, कारण नव्हे. माणसाच्या सुखाशी मात्र त्याचा घट्ट संबंध आहे. हे शेवटचे वाक्य कमी महत्त्वाचे नाही. मूल सुखी असणे ही गोष्ट गुण वाढवण्याचे साधन म्हणूनच मोलाची आहे असे थोडेच आहे! २०२२ साली ओर्थ आणि रॉबिन्स यांनी नव्या दीर्घकालीन अभ्यासांच्या आधारे दाखवले की आत्मसन्मानाचे पुढील आयुष्यावर परिणाम होतात, ते लहान असतात पण शून्य नसतात. आम्हाला हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. लहान परिणामाला लस म्हणू नये, एवढेच.

मार्क लिअरी यांनी १९९५ साली मांडलेली कल्पना विज्ञानशिक्षकांना आवडेल. त्यांच्या मते आत्मसन्मान हे एक मापक आहे, मोटारसायकलवरच्या पेट्रोलच्या काट्यासारखे. आपल्या माणसांत आपल्याला जागा आहे की नाही, हे तो काटा दाखवतो. काटा शून्याकडे झुकला की अस्वस्थ वाटते, आणि तसे वाटणे उपयोगाचेच असते. बोटाने काटा वर सरकवल्याने टाकीत पेट्रोल येत नाही.

ओळीत उभ्या असलेल्या आठ मुलांकडे या दृष्टीने पाहा. कॅनडातल्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा प्रयोग जवळजवळ हाच होता. विद्यार्थ्यांना चार मिनिटे स्वतःच्या मनातले विचार लिहायला सांगितले. काहींना त्या वेळात घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य मनाशी म्हणायचे होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता त्यांना वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटले. वाक्य आणि अनुभव यांच्यात फार अंतर असले की मन वाक्यावर विश्वास ठेवत नाही, उलट त्याविरुद्धचा पुरावा शोधते. आणि पुरावा सापडतो. गणिताचा पेपर.

शाबासकी कशाची?

मग कौतुक करायचेच नाही का? करायचे, पण कशाचे, यावर बरेच अवलंबून आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात. मुलांनी काही कोडी सोडवली. काहींना सांगितले, 'छान, तू हुशार दिसतोस'. काहींना, 'छान, तू मेहनत घेतलेली दिसते'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. 'हुशार' म्हटलेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, 'मेहनती' म्हटलेल्यांची सुधारली. आम्हाला यातला सर्वांत बोलका भाग वेगळाच वाटतो. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवा असे सांगितल्यावर 'हुशार' गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी गुण फुगवून सांगितले; 'मेहनती' गटात हे प्रमाण १३ टक्के होते. हुशारी हे एकदा बक्षीस मिळाले की ते राखण्याची चिंता लागते.

या संशोधनावर उभे केलेले कार्यक्रम पुढे गरजेपेक्षा जास्त गाजले, हेही सांगायला हवे. २०१९ साली अमेरिकेतल्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर नीट चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात, बुद्धी वाढू शकते हे शिकवणाऱ्या छोट्या कार्यक्रमाचा फायदा मागे पडलेल्या मुलांना झाला, पण तो ४ पैकी ०.१ गुणांएवढा. जादू नव्हे.

नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन यांचे २०१४ सालचे काम शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे. मोठी माणसे कमी आत्मसन्मान असलेल्या मुलांचेच जास्त फुगवून कौतुक करतात, असे त्यांना आढळले. हेतू चांगलाच असतो. मग एका विज्ञानसंग्रहालयात ८ ते १२ वर्षांच्या २४० मुलांना व्हॅन गॉगचे रानगुलाबांचे चित्र पाहून काढायला दिले. चित्रकाराकडून आली असे सांगून काहींना 'सुंदर चित्र' अशी चिठ्ठी दिली, काहींना 'अविश्वसनीय सुंदर चित्र' अशी, काहींना नुसतीच. पुढे काढण्यासाठी सोपे किंवा अवघड चित्र निवडायचे होते. कमी आत्मसन्मानाच्या मुलांनी फुगवलेल्या स्तुतीनंतर सोपे चित्र निवडले. एकदा 'अविश्वसनीय' ठरल्यावर पुढचे चित्रही तसेच यायला हवे ना! साध्या स्तुतीने त्यांना हा त्रास झाला नाही. ज्या मुलाला आपण सर्वांत जास्त उचलू पाहतो त्याच्याच पाठीवर हे ओझे पडते.

नाव पुकारताना

आतापर्यंत आपण एकेका मुलाच्या मनाबद्दल बोललो. पण मुलाची किंमत ठरवणारे बरेचसे त्याच्या बाहेर असते.

उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. खेड्यांतली सहावी-सातवीची ६४२ मुले, निम्मी तथाकथित वरच्या जातींतली, निम्मी दलित. काम होते कागदावरचे चक्रव्यूह सोडवण्याचे, सुटेल तसे पैसे. एकमेकांची जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. दुसऱ्या वेळी प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचली, आणि मुलाने फक्त मान डोलवायची होती. एवढ्याने दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. डोकी तीच, चक्रव्यूह तेच. आपण कष्ट केले तरी न्याय मिळेल हा भरवसाच डळमळतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

यात एक बारकावा आहे. इथे मोजली गेली ती कामगिरी, आत्मसन्मान नव्हे. अवहेलना सोसणाऱ्या समूहांचा आत्मसन्मान कमीच असणार असे आपण गृहीत धरतो, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे रोझेनबर्गच्या प्रश्नावलीतले गुण गोऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे जास्तच येतात, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००० नंतर स्पष्ट झाले आहे. माणसे स्वतःची किंमत आपल्या लोकांत राहून राखतात. तेव्हा 'या मुलांचा आत्मसन्मान वाढवला पाहिजे' असे म्हणून जबाबदारी मुलांवर ढकलण्याआधी आपल्या वर्गात काय चालते ते पाहावे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना 'अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा' असे आजही किती वर्गांत म्हटले जाते? यादी कार्यालयात ठेवून मुलांना एकेकटे बोलावता येते. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, पैसा लागत नाही.

तुकड्यांचेही असेच. हर्बर्ट मार्श आणि हाउ यांनी २००३ साली २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवले की सारख्याच कुवतीचे मूल हुशार मुलांच्या शाळेत स्वतःला अभ्यासात कमी समजते आणि साध्या शाळेत जास्त. तालुक्यात पहिला आलेला मुलगा शहरातल्या नामांकित कॉलेजात गेल्यावर पहिल्या सहामाहीत का मावळतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. त्याचे डोके कमी झालेले नसते, शेजारी बदललेले असतात. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

मग करायचे काय?

मार्श यांचेच आणखी एक निरीक्षण इथे कामी येते. गणितात चांगली मुले बहुधा भाषेतही चांगली असतात, म्हणजे गुणांचा सहसंबंध मोठा असतो. पण 'मला गणित येते' आणि 'मला भाषा येते' या दोन समजुतींचा सहसंबंध जवळजवळ शून्य निघतो! कारण मूल स्वतःची तुलना इतरांशी करते तशीच आपल्या दोन विषयांचीही आपसांत करते. भाषेत ८० मिळवणारी मुलगी गणितात ६५ मिळाले की 'मला गणित येत नाही' असे ठरवते, वर्गाची सरासरी ५० असली तरी. म्हणून एकंदर आत्मसन्मानाचा एकच आकडा शिक्षकाला फारसे काही सांगत नाही. सुझन हार्टर यांची १९८५ सालची लहान मुलांसाठीची प्रश्नावली याच कारणाने अभ्यास, मित्र, खेळ, रूप, वागणूक असे वेगवेगळे विचारते.

उपायांचेही तसेच आहे. २००६ साली ओमारा, मार्श आणि सहकाऱ्यांनी १४५ अभ्यास एकत्र तपासले. ज्या बाबतीत मूल स्वतःला कमी समजते नेमक्या त्याच बाबतीत काम केले तर स्वतःबद्दलचे मत सुधारते. 'एकंदर' आत्मसन्मान वाढवू पाहणारे कार्यक्रम फिके पडतात.

वही तपासण्याच्या पद्धतीलाही अर्थ आहे. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या ४४ मुलांचे निबंध शिक्षकांनी भरपूर लाल खुणा करून परत दिले. अर्ध्या वह्यांना जोडलेल्या चिठ्ठीचा आशय असा होता की तुझ्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील म्हणून या सूचना. बाकीच्यांना नुसते 'या सूचना' असे कळवले. निबंध पुन्हा लिहून देणे ऐच्छिक होते. कृष्णवर्णीय मुलांपैकी साध्या चिठ्ठीनंतर सुमारे १७ टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहिला, दुसऱ्या चिठ्ठीनंतर सुमारे ७० टक्क्यांनी. नमुना लहान आहे, आकड्यांना फार चिकटू नये. पण सूचना कमी केल्या नाहीत, गुण वाढवले नाहीत, खोटी स्तुती केली नाही, हे लक्षात घ्यावे.

बाईंना आम्ही हे सगळे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या पोरांना सहा आठवडे सगळ्यांसमोर उभं केलं." आम्ही काही बोललो नाही. फासे त्यांनी वर्गात टाकून पाहिले, ४६ पैकी नऊ जण निघाले. ओळ बंद केली. त्या मुलीची गणिताची वही काढून पाहिली तर चूक एकाच जागी होती: अपूर्णांकांची बेरीज करताना ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत होती, आणि ते पाचवीपासून. मधल्या सुट्टीत, ती आणि तशीच चूक करणारी आणखी चौघे, असे भाकरीचे तुकडे करत दोन आठवडे बसले. 'अर्धी भाकर आणि पाव भाकर मिळून दोन षष्ठांश कशी?' यावर तिलाच हसू आले म्हणे.

प्रगतिपुस्तकात रकाना छापून आला आहे, कारण छपाई आधीच झाली होती. मुख्याध्यापकांनी तूर्त तो रिकामा ठेवायला परवानगी दिली आहे. गठ्ठा आमच्या कपाटात आहे. नावांवर बाईंनी काळी शाई फिरवून मगच तो आमच्याकडे ठेवला.